काका, दुसरी डिस्क कुणाच्या घरात ठेवायची?

काका,

तुमच्या शोकसभेत मी बोलले नाही. माईक माझ्यापर्यंत आला होता. शेंद्र्याला कंपन्यांच्या गेटवर कंत्राटी कामगारांसमोर बिनमाईकची ओरडणारी तुमची पुतणी, तिनं तो शेजारच्याकडं सरकवला. लोकांना वाटलं, पोरीला रडू आलं असेल. रडू नव्हतं. मला लाज वाटत होती, आणि ती तुमच्यापुढं उघडी केल्याशिवाय दुसऱ्या कुणाशी मला धड बोलता येणार नाही.

तुमचा जन्म, वाळूजची नोकरी, शांत स्वभाव, सगळं सभेत सांगून झालं. निवृत्तीनंतर तुम्ही 'कॉम्प्युटरमध्ये मन रमवलं' असंही एक जण म्हणाले. मन रमवलं. मी खाली बघत होते.

त्या कॉम्प्युटरनं तुमची झोप उडवली होती हे फक्त मला माहीत. वीज सारखी ये-जा करायची त्या उन्हाळ्यात तो बंद पडला आणि काही केल्या उठेना. दुरुस्तीवाल्यानं कसंबसं आतलं सगळं काढून दिलं आणि बजावलं, "काका, पुढच्या टायमाला नाय जमणार हां." तुम्हाला घाबरलेलं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. दुसऱ्याच दिवशी आपण पैठण गेटजवळच्या दुकानात एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्यायला निघालो. रस्ताभर माझं चालूच होतं. डिस्क कसल्या घेता, सगळं इंटरनेटवर चढवा, जगात कुठूनही उघडता येईल. तुम्ही रिक्षातून बाहेर बघत म्हणालात, "जगानं मागितलंय का वैशे? आधी घरात तर उघडू दे."

दुकानदारानं काचेवर चकचकीत, काडेपेटीएवढी वस्तू ठेवली. "चच्चा, ये लेव. एसएसडी. हाथ से गिरी तो भी कुछ नै होता."

"पडणार कशाला? कपाटात राहणार ही. वर्ष-दोन वर्षं वीज लावलीच नाय तर आतलं टिकंल का?"

त्यानं मान खाजवली. "फिर पुरानी टाइप की लेव, चक्करवाली, अंदर चकती घूमती. रखने को वोच अच्छी. पर गिराना मत."

तुम्ही दोन घेतल्या, त्याही वेगवेगळ्या कंपनीच्या. एकाच कंपनीच्या, एकाच खेपेच्या घेतल्या तर दोघी एकाच दुखण्यानं जातील, असं तुमचं म्हणणं. दुकानदाराला मजा वाटली. "शादी के फोटो हैं क्या, चच्चा?"

"नाय. गावाकडच्या म्हाताऱ्यांचे आवाज हायेत."

"अरे, फिर तो दो लेव," तो गंभीर होऊन म्हणाला आणि दोन्हींना कागद गुंडाळून दिला. त्याला वाटलं असेल ओव्या आहेत, लग्नातली गाणी आहेत.

हे वाचणाऱ्यांनाही तसंच वाटू नये म्हणून सांगते. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या, तेव्हा गंगापूर तालुक्यातल्या आमच्या गावातली वस्तीही जळाली. कुणी मेलं नाही, असं आमचं गाव अजून अभिमानानं सांगतं. ज्यांची घरं गेली त्यांचे जबाब पुष्कळांनी घेतले, छापले, त्यावर भाषणं केली. मीही केली. तुम्ही दुसऱ्या बाजूला गेलात. जाळणाऱ्यांकडं. आपल्या भावकीतल्या म्हाताऱ्यांच्या बाजेवर जाऊन बसायचात, चहा प्यायचात, पुढ्यात रेकॉर्डिंग चालू केलेला फोन ठेवून विचारायचात, "तात्या, त्या दिवशी काय झालतं?" आणि ते सांगायचे. घरातल्याच माणसाला सांगायचं, मग लपवायचं कशाला. त्या फाइली होत्या कॉम्प्युटरमध्ये.

त्यातली एक आबांची. तुमच्या वडिलांची, माझ्या आजोबांची. आबा त्यात हसत हसत सांगतात, की डिझेल आपल्याच विहिरीवरच्या इंजिनातलं होतं. तुम्ही विचारता, "अन् कॅन कुणी नेला, आबा?" आबा म्हणतात, "तूच की. तुला म्हाईत नाय व्हय?"

मग बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज आहे.

तुम्ही ती मला पहिल्यांदा ऐकवलीत तेव्हा माझ्या चेहऱ्याकडं बघत नव्हतात. मी काय केलं? मी म्हटलं, "काका, हे छापायला पाहिजे. उद्याच." मिसरूड फुटायच्या वयात हातात दिलेला कॅन तुम्ही जन्मभर वाहिलात, तो माझ्यापुढं खाली ठेवलात, आणि मला त्यात मथळा दिसला. तुम्ही इतकंच म्हणालात, "आधी घरात ऐकव. मग गावात. मग तुझं पत्रक."

"घर कधीच ऐकणार नाही," मी म्हटलं.

"मग पत्रकाला बी घाई नाय."

हा वाद तुम्ही जाईपर्यंत मिटला नाही. बॅकअपच्या सॉफ्टवेअरवरूनही तेच झालं. मी एक आणून बसवलं, ते सगळ्या फाइली कुलूपबंद करून पासवर्ड मागायचं. तुम्ही काढायला लावलंत. "मी मेल्यावर पासवर्ड कुणाला इचारशील?" मग दुसरं बसवलं, कॉम्प्युटरवर जे आहे तेच डिस्कवर जसंच्या तसं ठेवणारं. मला ते एकदम चोख वाटलं. तुम्ही तपासायला म्हणून कॉम्प्युटरवरची एक फालतू फाइल पुसलीत, बटण दाबलंत, तर डिस्कवरचीही गेली. तुम्ही चष्मा काढून मागं टेकलात. "हे तर आपल्या गावावानी झालं. एकानं पुसायचं ठरवलं की सगळ्यांकडचं गेलं."

शेवटी आपण साधंच निवडलं. फाइली उघड्या ठेवणारं, कुठल्याही कॉम्प्युटरला वाचता येतील अशा. इथं पुसलं तरी तिथली जुनी प्रत न हलवणारं. आणि वर तुमचा नियम: महिन्यातून एकदा डिस्कवरची एक फाइल उघडून ऐकायची. ऐकल्याशिवाय बॅकअप झाला म्हणायचं नाही. ते काम तुम्ही मला लावलंत. मी कधी पाटलांच्या तात्यांची उघडायचे, कधी गिरणीवाल्यांची. तुमच्या लक्षात आलं होतं. "आबांची सोडून सगळ्यांच्या तपासतीस," तुम्ही एकदा वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणालात. मी म्हटलं, ती ठीकच असणार.

काका, मी पत्रकं लिहिण्यात तरबेज आहे असं लोक म्हणतात. तुम्हीच काय तो अपवाद होतात. नामांतर दिनाच्या पत्रकाचा कच्चा खर्डा मी तुम्हाला दाखवला होता. त्यात होतं, 'काही जातीयवादी समाजकंटकांनी मराठवाड्याच्या तोंडाला काळिमा फासला.' तुम्ही पेन घेऊन 'समाजकंटक'वर गोल केलात.

"हे कोण?"

"म्हणजे काय, काका. सगळ्यांना कळतं."

"मला नाय कळलं. आबा का? का मी?"

तुम्ही कागद परत दिलात. "तुझ्या पत्रकात शिव्या लई असतात, नावं नसतात."

कंपनीच्या मॅनेजरचं नाव मी छापते. कंत्राटदाराचं छापते. मंत्र्याचं तर जाड अक्षरात. आपल्या गावाचं नाव मी आजवर एका ओळीतही घातलेलं नाही. पत्रक 'समाजकंटक' शब्दासकट छापून गेलं. तुम्ही ते घडी करून खिशात ठेवलंत आणि नेहमीसारखे माझ्याबरोबर गेटवर वाटायला आलात. उन्हात, डोक्याला रुमाल बांधून. येणारे-जाणारे कामगार तुम्हाला माझे वडील समजायचे, तुम्ही ते कधी दुरुस्त केलं नाहीत. मला आतून बरं वाटायचं. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

दवाखान्यात शेवटच्या दिवसांत नळ्या लावलेल्या असताना तुम्ही खुणेनं जवळ बोलावलंत. "आबांची उघडून बघितली का?"

"हो," मी म्हटलं.

बघितली नव्हती. तुम्ही डोळे मिटलेत, समाधानानं.

आता नदीचं.

तुमचा कॉम्प्युटर बाबांनी तुम्ही गेलात त्याच आठवड्यात पुसून गावच्या शाळेला दिला. माझे बाबा, तुमचे थोरले भाऊ, कामाला एरवी इतके झपाट्याचे नाहीत. मी म्हटलं, असू दे, कपाटात डिस्क आहे. अस्थी घेऊन आपण कायगावला गेलो. आपण कसलं, तुम्ही तर कलशात होतात. गोदावरीचं पाणी चढलेलं होतं. तुम्हाला मूलबाळ नाही म्हणून कलश माझ्या हातात दिला होता. गुरुजी म्हणाले, गेलेल्याची एखादी आवडीची वस्तू असेल तर संगं सोडा. लोक काय काय सोडतात तिथं. चष्मा, तंबाखूची डबी, आवडीचा पेन. काकू पदर डोळ्याला लावून सहज बोलून गेल्या, "त्यांचा जीव तर त्या कॉम्प्युटरच्या डिस्कमध्ये होता." त्या बिचारीला आत काय आहे ते माहीत नव्हतं.

बाबांनी खिशातून डिस्क काढली. म्हणजे ते घेऊनच आले होते. वायर तिच्याभोवती नीट गुंडाळलेली, तुमचं रबरबँड तसंच. त्यांनी ती कपाळाला लावली. नमस्कार केला, काका. आणि पाण्यात सोडली.

मी बाबांपासून हाताच्या अंतरावर उभी होते. आबांचं बोलणं त्यांच्याच घरात टिपलं गेलं होतं; त्यांना आत काय आहे ते माहीत आहे, हे मला माहीत होतं. मला माहीत आहे, हे त्यांना. भोवती भावकी, सगळ्यांची डोकी उघडी, सगळे रडवेले. कुणाला काही वावगं दिसलं नाही. दिसण्यासारखं नव्हतंच, रीतच होती ती. आणि मी, जिनं पोलिसांच्या गाडीपुढं आडवं पडून घोषणा दिल्यात, मी कलश तिरका केला आणि तुम्हाला डिस्कच्या मागोमाग सोडून दिलं. एक शब्द बोलले नाही. अस्थी विसर्जनात तमाशा नको, असं मनात म्हटलं. ते खोटं आहे. मला हायसं वाटलं होतं. काठावरून वर येईपर्यंत, त्या दहा-बारा पावलांत, मला हायसं वाटलं होतं की आता कुणी ऐकणार नाही.

शोकसभा त्यानंतरची. आता कळलं ना, माईक का सरकवला.

दुसरी डिस्क कुठं आहे ते मला ठाऊक होतं. घराला आग लागली, पूर आला, चोरी झाली तर एक प्रत बाहेर हवी, हा बॅकअपचा नियमच, आणि तुम्ही ती सुदामकाकांकडं ठेवली होती. ज्यांचं घर त्या डिझेलनं जळालं ते सुदामकाका. वाळूजला कंपन्या आल्या आणि गावातनं निघालेल्या तुम्हा दोघांना कंपनीनं एकाच प्रेस मशीनवर उभं केलं. गावानं कधी केलं नसतं. मला तुमची ही निवड फार आवडली होती. ज्यांचं जळालं तेच राखणदार. पत्रकाच्या शेवटी शोभावं असं वाक्य.

मी वाळूजला त्यांच्या घरी गेले. चहा झाला. मी विचारायच्या आधीच त्यांनी लोखंडी कपाट उघडून साड्यांच्या घडीखालून डिस्क काढली आणि टीपॉयवर ठेवली.

"तुम्ही ऐकलंत का कधी?" मी विचारलं.

"मी कशाला ऐकू? मी तिथंच होतो की."

ते पुढं म्हणाले, "तुझ्या काकाला कॅन आणताना मी बघितलंय. पुढं इतकी वर्षं त्याच्यासंगं जेवलो."

"तुम्ही बघितलंय हे त्यांना ठाऊक होतं?"

"मी नाय इचारलं. एक दिवस कँटीनमध्ये त्यानंच काढलं. घास हातातच राहिला त्याचा. म्हटलं, म्हाईत हाय मला, जेव."

मग त्यांनी पहिल्या डिस्कचं विचारलं. मी सांगितलं.

"तू कुठं होतीस?"

"काठावरच."

"काय बोललीस?"

"काही नाही."

त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकून प्यायले. "गेटवर तर लई वरडतीस म्हणं."

मी घाईघाईनं म्हटलं की ही डिस्क तुम्हीच ठेवा, घरी नेली तर बाबा हिचंही तेच करतील. आणि माझं ते वाक्य मी त्यांना ऐकवलं. ज्यांचं घर जळालं त्यांच्या घरात हे सुरक्षित राहावं, यात केवढा...

"हे पत्रकात लिव्ह," ते म्हणाले. "हितं नको."

आतून त्यांच्या बायकोच्या भांड्यांचा आवाज थांबला होता.

"पोरी, माझी बायको सणासुदीला साडी काढती तवा तिचा हात ह्याला लागतो. दरवेळी इचारती, त्या जाळणाऱ्यांचा आवाज आपल्या घरात कशापायी? मी काय सांगू? जाळलं तुम्ही, अन् राखण बी आम्हीच करायची व्हय?"

"काकांनी..."

"दोस्त होता म्हणून ठेवली. त्याला तवाच सांगितलं होतं, तू हाय तोवर. घेऊन जा. तुमची चीज हाय, तुमच्या घरात ठेवायची धमक नसंल तर त्यानं कशाला येवढं गोळा केलं?"

ते रागावलेले नव्हते. रस्त्यापर्यंत सोडायला आले, गंगापूरची जीप थांबवली, ड्रायव्हरला म्हणाले पुढं बसव तिला. काका, तुम्हाला त्यांनी हे सगळं आधीच सांगितलं होतं. तुम्ही मला का सांगितलं नाहीत? का तुम्हीही, माझ्यासारखेच, त्या वाक्याच्या प्रेमात होतात? हे विचारायला तुम्ही पाहिजे होतात. मला तुमच्यावर थोडा रागही आहे, आणि तो कुठं ठेवायचा ते कळत नाही.

गंगापूरहून गावात पोचले तेव्हा बाबा टीव्हीवर बातम्या बघत होते. मी डिस्क त्यांच्यापुढं ठेवली.

"हे काय?"

"दुसरी."

त्यांनी बोटानं ती जराशी फिरवून बघितली. "सुदामकडं होती? त्यानं ऐकली?"

"नाही."

त्यांचा चेहरा सैल पडला. अगदी माझा काठावर पडला असेल तसा. तो बघून मला त्यांचा तिटकारा यायला हवा होता. आला नाही. आरशात बघितल्यासारखं झालं.

"त्यांनी परत दिली," मी म्हटलं. "म्हणाले, तुमची चीज हाय, तुमच्या घरात ठेवा."

बाबा उठले आणि दाराशी चपला घालू लागले. मी डिस्कची वायर टीव्हीला लावली. फाइल उघडेल का, मला खरंच ठाऊक नव्हतं. मी तुम्हाला हो म्हटलं होतं, उघडून कधीच बघितली नव्हती. डिस्क घरघरली. पडद्यावर नावं आली. आबा.

आबांचा आवाज घरात आला. ते गेल्यापासून तो या घरात नव्हता. बाबांचा एक पाय चपलेत, एक बाहेर. पाठमोरेच म्हणाले, "आवाज बारीक कर. पारावर लोकं बसलेत."

काका, मी बारीक केला.

इथंही केला. तुम्हाला खोटं नाही सांगणार आता. रिमोट हातात होता आणि बोट आपोआप गेलं.

पण बाबांना हल्ली डाव्या कानानं ऐकू येत नाही. ते दारातून आत आले, खुर्ची टीव्हीपाशी ओढली आणि उजवा कान पडद्याला लावून बसले. इंजिनाचं आलं. आबा हसले. बाबा हसले नाहीत. तुमचा प्रश्न आला, आबांचं उत्तर आलं, मग तो पंखा. फाइल संपली तरी ते तसेच वाकून होते.

"मला त्या दिवशी शेताला पाठवलं होतं आबांनी," ते म्हणाले. "मी थोरला. कॅन मला द्यायला पाहिजे होता."

हे वाक्य तुम्ही ऐकायला हवं होतं, मी नाही.

"पुन्यांदा लाव. अन् आवाज वाढव, नीट येत नाय."

मी वाढवला. या वेळी तुमचा प्रश्न यायच्या आधीच त्यांनी डोळ्यांवर हात धरला. संपल्यावर मी वायर काढायला गेले, तर म्हणाले, "राहू दे हितंच." मी राहू दिली. उद्या ते तिचं काय करतील, मी सांगू शकत नाही.

बाहेर आले तर पारावर म्हातारे बसलेले. दोघा-तिघांचे आवाज त्याच डिस्कवर आहेत. तुम्ही त्यांना नावानं ओळखता, मीही ओळखते. एकानं विचारलं, "काय लावलं होतं गं आत? आबांचा आवाज आल्यागत झालं."

"आबांचाच होता," मी म्हटलं. "या आत. तुमचाबी हाय. बाबा बसलेत ऐकत."

कुणी लगेच उठलं नाही. मीही तिथून हलले नाही.